नोटीस आली की टेप फिरायची थांबली पाहिजे

३१ ऑक्टोबर २०२४, नरक चतुर्दशी. भोसरी एमआयडीसीतला आमचा कारखाना बंद होता आणि आम्ही सगळे आपापल्या घरी चिवडा-चकली खात बसलो होतो. सर्व्हर रूममधला ऑटोलोडर, म्हणजे बॅकअपच्या टेपा आपोआप बदलणारं यंत्र, मात्र दिवाळीची सुट्टी घेत नाही. रात्री साडेअकराला त्याने तीन मासिक टेपांमधली सगळ्यात जुनी, म्हणजे ३१ जुलैची, टेप ड्राइव्हमध्ये ओढली आणि तिच्यावर ऑक्टोबरचा बॅकअप लिहायला घेतला. पहाटे माझ्या मोबाइलवर 'जॉब यशस्वी' असा हिरवा मेसेज आला. तो बघून मी समाधानाने कूस बदलली.

अठरा दिवसांनी कंपनीच्या वकीलबाईंचा फोन आला. परचेसला जो ऑफिसर होता, त्याचे मे-जूनमधले मेल त्यांना हवे होते.

प्रकरण असं होतं. एका मशीनवाल्याकडून आम्ही संगणकावर चालणारं सीएनसी मशीन घेतलं. ट्रायलला मापं टॉलरन्समध्ये, म्हणजे चालणाऱ्या फरकात, बसेनात, म्हणून मालकांनी शेवटचे तीस टक्के अडकवले. मशीनवाल्याने वकिलामार्फत नोटीस धाडली. ती ४ सप्टेंबरला आमच्या आवक रजिस्टरात नोंदलेली आहे, पान आजही दाखवता येईल. ७ तारखेला गणपती. आवकच्या टेबलावरच्या काकांनी 'बाकी रक्कम' एवढं वाचलं आणि पाकीट अकाउंट्सच्या ट्रेमध्ये टाकलं. अकाउंट्सवाले अनंत चतुर्दशीनंतर भानावर आले. तिथून ते मालकांकडे गेलं, मालकांकडून वकीलबाईंकडे. आयटीला सांगायचं कुणाच्या मनातही आलं नाही. आणि खरं सांगायचं तर कुणी सांगितलं असतं, तरी तेव्हा मी 'बरं' म्हणून फोन ठेवला असता.

आता माझ्या बाजूचा हिशेब. तो ऑफिसर ३१ जुलैला नोकरी सोडून गेला. १२ ऑगस्टला मी त्याचं खातं काढलं आणि लायसन्स नव्या मुलीला दिलं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये काढलेलं खातं तीस दिवसांत परत आणता येतं, म्हणजे ११ सप्टेंबरपर्यंत. नोटीस तोवर आठवडाभर आमच्याच इमारतीत पडून होती. ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या टेपांवर तो मेलबॉक्स नव्हताच, कारण आमचं सॉफ्टवेअर चालू खात्यांचाच बॅकअप घ्यायचं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! ३१ मार्चच्या वार्षिक टेपेवर मार्चपर्यंतचं सगळं होतं. मे-जून फक्त जुलैच्या टेपेवर होतं, आणि नोटीस आल्यानंतर सत्तावन्न दिवस ती टेप ऑटोलोडरमध्ये शाबूत होती.

दुखणं पुढेच आहे. ते मेल आमच्या बाजूचे होते. ट्रायल फेल गेल्याचं मशीनवाल्याच्या इंजिनियरने त्यात मान्य केलं होतं.

मी वकील नाही. आमच्या खात्याला 'ईडीपी' (इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग) म्हणायचे तेव्हापासून कंपन्यांचे सर्व्हर सांभाळते आहे, आणि सध्या आमचा विभाग म्हणजे मी आणि एक पोरगा. हे लिहिते आहे ते अशाच दोन माणसांच्या विभागांसाठी. कायद्याचे आकडे मी आमच्या वकीलबाई आणि सीए यांच्याकडून घोटून घेतलेत, तुम्हीही तुमच्यांना विचारा.

स्टेपनी आणि आरसी बुक

बॅकअप म्हणजे गाडीची स्टेपनी. पंक्चर झालं की लावायची आणि पुढे निघायचं. रेकॉर्ड म्हणजे आरसी बुक. हवालदाराने मागितलं की दाखवता आलं पाहिजे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी आरसी बुक स्टेपनीत कोंबलेलं असतं. 'आठ वर्षांचा डेटा ठेवायचा ना, मग आठ वर्षांच्या टेपा ठेवू' असं म्हणून कपाटं भरतात. अशा टेपेतून एका माणसाचे दोन महिन्यांचे मेल काढायचे तर अख्खा सर्व्हर कुठेतरी पुन्हा उभा करावा लागतो.

आणि टेप वाचता येईल याची खात्री तरी काय? एलटीओ ही टेपांची जात, पुढचा आकडा पिढीचा. एलटीओ-६ चा ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्या वाचतो, म्हणजे एलटीओ-४ पर्यंत. एलटीओ-८ तर एकच पिढी मागचं वाचतो. माझ्या कपाटात चौदा एलटीओ-३ टेपा होत्या आणि त्या वाचणारा ड्राइव्ह २०१६ सालीच भंगारात गेला होता. अशा टेपा म्हणजे दुहेरी तोटा. त्या आपल्या उपयोगाच्या नाहीत, पण आपल्या ताब्यात आहेत. व्यापारी दाव्यांना लागू असलेल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर अकरामध्ये पक्षकाराने शपथेवर सांगायचं असतं, की वादाशी संबंधित जे जे माझ्या अधिकारात, ताब्यात, नियंत्रणात किंवा निगराणीत आहे ते सगळं उघड केलं आहे. स्वतःच्या विरोधात जाणारे कागदही त्यात आले. हे काम दावा निकाली निघेपर्यंत चालू राहतं, मध्येच एखादी गोष्ट सापडली तर तीही सांगायची. आणि व्यापारी दावा म्हणजे टाटा-बिर्लांचं भांडण असं समजू नका. २०१८ च्या दुरुस्तीनंतर तीन लाख रुपयांपासूनचा वाद त्यात बसतो. एका मध्यम मशीनचा अॅडव्हान्ससुद्धा त्याहून जास्त असतो.

म्हणून पहिलं काम हे, की दोन्ही गोष्टी वेगळ्या करा. आमचा बॅकअप आता पस्तीस दिवसांचा आहे, वर तीन मासिक आणि एक वार्षिक टेप. जे कायद्याने किंवा धंद्याच्या गरजेने ठेवायचं, ते वेगळ्या अर्काइव्हमध्ये जातं, जिथे नाव, तारीख, विषय टाकून शोधता येतं.

किती वर्षं?

यासाठी एकच कागद करा. आमचा कागद ए-४ च्या एका बाजूला मावतो, खाली मालकांची सही आहे. सही महत्त्वाची. नसेल तर तो आयटीतल्या बाईचा विचार ठरतो, कंपनीचं धोरण ठरत नाही.

हिशेबाच्या वह्या आणि व्हाउचर: कंपनी कायदा २०१३, कलम १२८ प्रमाणे मागची आठ आर्थिक वर्षं. हिशेब इलेक्ट्रॉनिक असतील तर त्यांचा बॅकअप भारतात प्रत्यक्ष असलेल्या सर्व्हरवर ठेवायचा, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून तो रोजच्या रोज घ्यायचा. आधी 'ठरावीक काळाने' असा शब्द होता आणि त्यावर अनेकजण आठवड्यातून एकदा घेऊन निवांत असायचे. क्लाउडवर ठेवत असाल तर कुठला विभाग निवडलाय ते उघडून बघा. अझ्युअर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचा 'सेंट्रल इंडिया' पुण्यातच आहे, पण सेटिंगमध्ये सिंगापूर राहून गेलेलं मी एका ओळखीच्या कंपनीत पाहिलंय. १ एप्रिल २०२३ पासून अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे कुणी कधी काय बदललं याची नोंद, चालू असणंही सक्तीचं आहे. ती ट्रेल डेटाबेसमध्येच राहते, म्हणून नुसत्या एक्सेलमध्ये काढलेल्या लेजरना आठ वर्षांचं रेकॉर्ड म्हणू नका.

जीएसटी: वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून बहात्तर महिने. म्हणजे २०२३-२४ चं विवरणपत्र ३१ डिसेंबर २०२४ ला देय, तर कागद ३१ डिसेंबर २०३० पर्यंत. याच कलमात, म्हणजे ३६ मध्ये, एक वाक्य आहे ते मला फार आवडतं: त्या वर्षाबद्दल अपील किंवा कारवाई चालू असेल तर ती संपल्यावर आणखी एक वर्ष, किंवा बहात्तर महिने, यातलं जे उशिरा येईल ते. वाद चालू असेल तर घड्याळ थांबवा, ही कल्पना आपल्याच कायद्यात आहे. इंग्रजी चित्रपटातून आणलेली नाही.

लॉग, म्हणजे यंत्रणेत कोण कधी आलं-गेलं याच्या आपोआप होणाऱ्या नोंदी: सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सर्ट-इन हिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे एकशे ऐंशी दिवसांचे, भारतात. फायरवॉलची डिस्क भरली की ती जुने लॉग गपचूप खाते, तेव्हा वेगळ्या नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या डिस्कवर, पाठवा.

मेल: कंपनीच्या सगळ्या मेलला लागू होईल असा एक आकडा नाही, तो आपण ठरवायचा. कराराचा दावा साधारण तीन वर्षांत आणावा लागतो. त्यात थोडी हवा धरून आम्ही चार वर्षं केली, पण परचेस, सेल्स, क्वालिटी आणि डायरेक्टर यांच्यासाठी आठ. क्वालिटीला का, असं मालकांनी विचारलं होतं. ग्राहकाकडून परत आलेल्या मालाचं भांडण सगळ्यात जास्त तिथेच शिजतं म्हणून.

आणि जे ठेवायचं नाही ते खरोखर पुसा. 'असू दे, कधीतरी लागेल' हे वाक्य आईच्या फडताळाला ठीक आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा सांगतो, की हेतू संपला आणि दुसऱ्या कायद्याने ठेवणं गरजेचं नसेल तर वैयक्तिक माहिती पुसायची. दहा वर्षांपूर्वी मुलाखतीला येऊन गेलेल्या पोरांचे आधार कार्डाचे स्कॅन तुमच्या एचआरच्या फोल्डरमध्ये आहेत की नाही, आजच बघा. मात्र पुसायचं ते ठरल्या दिवशी, ठरल्या पद्धतीने, नोंद करून. सहा वर्षं कधीच न पुसणाऱ्या कंपनीने नोटिशीनंतर तिसऱ्या दिवशी अचानक 'साफसफाई' काढली, तर ती कुणाला साफसफाई वाटेल? पुरावा सादर होऊ नये या हेतूने इलेक्ट्रॉनिक रेकॉर्ड नष्ट करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. आणि गुन्हा राहू द्या, जवळ असलेला पुरावा दिला नाही तर तो विरोधातच असणार असं कोर्ट गृहीत धरू शकतं.

होल्ड: पहिला दिवस

वाद दिसला की त्या वादापुरतं पुसणं थांबवायचं, याला होल्ड म्हणतात. अमेरिकेत हा शब्द रूढ व्हायला न्यूयॉर्कमधला झुबुलाके विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग हा खटला मोठं कारण ठरला. न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांचे त्यातले २००३-०४ चे आदेश बॅकअप टेपांबद्दलच आहेत. त्यातल्या दोन गोष्टी मला थेट उपयोगी वाटतात. एक, जतन करायची जबाबदारी कागद हातात पडल्यावर सुरू होत नाही, वादाचा वास आला की सुरू होते. दावा आणणाऱ्या झुबुलाके बाईंनी कंपनीविरुद्ध तक्रार ऑगस्ट २००१ मध्ये केली, पण कोर्ट म्हणालं, एप्रिलमध्येच कंपनीला कल्पना होती. दोन, जगातल्या सगळ्या टेपा थांबवायची गरज नाही. निव्वळ आपत्तीसाठी ठेवलेल्या टेपा फिरत राहिल्या तरी चालतील, पण वादातल्या मुख्य माणसांचा डेटा अमुक टेपेवर आहे हे माहीत असेल आणि तो दुसरीकडे नसेल, तर ती टेप काढून ठेवायची.

तो आपल्यावर बंधनकारक कायदा नाही. पण पुण्यातल्या बऱ्याच कंपन्यांचे ग्राहक अमेरिकेत आहेत, आणि त्यांच्या वकिलांचं 'जतन करा' असं चार पानी पत्र कधी ना कधी येतंच. आलं तर घाबरून सगळं बंद करू नका, तसंच ते सेल्सच्या मेलमध्ये पडूही देऊ नका.

तर वास कुठे येतो? आमच्याकडे आवकच्या काकांना मी एक लॅमिनेट केलेला कागद दिलाय: वकील, अॅडव्होकेट, नोटीस, समन्स, लवाद, कोर्ट, डीआरसी-०१ (जीएसटीच्या नोटिशीचा फॉर्म). यातला एक शब्द दिसला की पाकीट कुणाकडेही जाऊ दे, पण फोटो आधी माझ्या व्हॉट्सअॅपवर. पहिल्या महिन्यात काकांनी मला एका वकिलाच्या मुलाच्या लग्नाची पत्रिकाही पाठवली. चालेल. अकाउंट्सला सांगितलंय की पन्नास हजारांवरचं पेमेंट भांडणामुळे अडकवलं, किंवा डेबिट नोटवर समोरच्याने हरकत घेतली, तर मला एक ओळ लिहायची.

फोटो आला की त्याच दिवशी काय करते ते सांगते.

आधी वकीलबाईंना फोन: कोण माणसं, कुठला काळ, कुठला विषय. या तीन गोष्टींशिवाय होल्ड म्हणजे साप म्हणून भुई धोपटणं. नंतर त्या माणसांच्या मेलबॉक्सला मायक्रोसॉफ्ट ३६५ मधला लिटिगेशन होल्ड लावते, म्हणजे कुणी मेल पुसला तरी तो आत जपून राहतो. हे लायसन्सच्या वरच्या प्रकारातच मिळतं, तेव्हा वाद येण्याआधी आपल्याकडे ते आहे का हे तपासून ठेवा. गूगल वर्कस्पेस वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिथे काढलेलं खातं परत आणायला वीसच दिवस मिळतात.

मग टेप. ऑटोलोडरमधून ती प्रत्यक्ष बाहेर काढायची. सॉफ्टवेअरमध्ये मुदत वाढवली की झालं असं समजू नका. पुढच्या महिन्यात कुणीतरी जागा कमी पडते म्हणून 'मुदत संपलेल्या' टेपा झाडेल आणि त्यात ही जाईल. कार्ट्रिजच्या कडेला लेखन बंद करायची छोटी सरकती कळ असते, ती कुलपाच्या बाजूला सरकवा. लाल स्टिकर, त्यावर होल्ड क्रमांक, पाकीट, सील, लॉकर. ऑटोलोडरमध्ये तिच्या जागी नवी कोरी टेप. माझ्या ड्रॉवरमध्ये दोन कोऱ्या टेपा कायम असतात, कारण ऐनवेळी टेप नाही म्हणून काढली नाही, हे कारण कोर्टात सांगायला फार लाजिरवाणं वाटेल. क्लाउडच्या ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये फाइल पुसू न देणारं लॉक वापरत असाल तर 'लीगल होल्ड' नावाची वेगळी खूण असते. तिला मुदत नसते, काढेपर्यंत राहते. मुदतीच्या लॉकपेक्षा इथे तीच बरी.

मग माणसं. त्या लोकांचे लॅपटॉप फॉरमॅट होणार नाहीत, बदलून दिले जाणार नाहीत. सोडून गेलेल्याचा लॅपटॉप तर सोन्यासारखा. आमच्या परचेस ऑफिसरचा मी ऑगस्टमध्येच साफ करून स्टोअरला दिला होता, तिथे तो आता गेट पास छापायला वापरतात. आणि व्हॉट्सअॅप. आपल्याकडे निम्मे सौदे तिथेच होतात. 'आपोआप गायब' ची सोय चोवीस तास, सात दिवस किंवा नव्वद दिवसांवर असेल तर बंद करायला सांगा, लेखी सांगा, आणि चॅट एक्सपोर्ट करून घ्या. लोक कुरकुरतात. परचेसच्या साहेबांनी मला 'मॅडम, माझे घरचे मेसेज पण बघणार का?' असं विचारलं. नाही बघणार, फक्त त्या एका मशीनवाल्याशी झालेलं बोलणं द्या, असं सांगितल्यावर दिलं.

अपघाताचं प्रकरण असेल तर सगळ्यात आधी सीसीटीव्हीकडे पळा. आमचा डीव्हीआर बावीस दिवसांत स्वतःवर लिहितो. टेपेला महिने मिळतात, कॅमेऱ्याला आठवडे.

बाहेरच्या लोकांना विसरू नका. पगाराचं काम बाहेर दिलेलं, ईआरपी कुणाच्या तरी क्लाउडवर. तो डेटा त्यांच्या मशीनवर असला तरी नियंत्रण आपलं. त्यांना मेल टाका आणि उलट पोच घ्या.

रजिस्टर, हॅश आणि प्रमाणपत्रावरचा रंग

नंतर सगळ्यात कंटाळवाणं काम आणि तेच शेवटी कामाला येतं: लिहून ठेवणं. माझं रजिस्टर दोनशे पानी लांबट वही आहे. टेपेचा बारकोड, कधीचा बॅकअप, कुणी काढली, किती वाजता, कुणासमोर, सील क्रमांक. पेनने. संगणकावर का नाही, असं पोरग्याने विचारलं. म्हटलं, उद्या तोच संगणक वादात आला तर?

याचं कारण प्रमाणपत्र. १ जुलै २०२४ पासून पुराव्याचा नवा कायदा, भारतीय साक्ष्य अधिनियम, लागू झाला. त्याच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डची प्रत देताना सोबत प्रमाणपत्र लागतं. जुन्या कायद्यात ते कलम ६५-ब होतं. हे किती गंभीर आहे ते आपल्या जालन्याच्या प्रकरणाने ठरवलं. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आले की नंतर, हा वाद होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातलं व्हिडिओ चित्रीकरण. सीडी होत्या, अधिकारी प्रमाणपत्र देत नव्हते. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या निकालात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० ला सांगितलं, की मूळ यंत्रच कोर्टात आणलं नसेल तर प्रमाणपत्र सक्तीचं. मात्र ज्याने ते मिळवायला सगळे प्रयत्न केले आणि देणारेच देत नाहीत, त्याला अशक्य गोष्टीची शिक्षा नाही.

नव्या प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग 'अ' ज्याच्या हाताखाली ती यंत्रणा आहे त्याने भरायचा, म्हणजे बहुधा तुम्ही. भाग 'ब' तज्ज्ञाने. त्यात यंत्राचा प्रकार, कंपनी, मॉडेल, सीरियल नंबर विचारतात. रंगसुद्धा विचारतात. मी सर्व्हरसमोर उभी राहून 'काळा' लिहिलं. आणि हॅश विचारतात: एसएचए-१, एसएचए-२५६, एमडी-५ किंवा इतर. मी एसएचए-२५६ घेते. हॅश म्हणजे फाइलचा बोटाचा ठसा, एक अक्षर बदललं तरी अख्खा ठसा बदलतो. टेपेवरून फाइल उतरवली की पहिलं काम हॅश, तोही कुणी फाइल उघडण्याआधी. मेलची निर्यात केलेली फाइल नुसती आउटलुकमध्ये जोडून बघितली तरी ती आतून बदलते. मग वकीलबाईंकडे गेलेल्या पेन ड्राइव्हचा आणि तुमच्या वहीचा मेळ बसत नाही. म्हणून एक प्रत सीलबंद, दुसरी बघायला.

उतरवायचं ते चालू सर्व्हरवर नाही. जुना डेस्कटॉप, नेटवर्कची वायर काढलेली.

ऑर्डर अकराच्या शपथपत्रात इलेक्ट्रॉनिक कागदाबद्दल आणखी विचारतात: तो कुणी, कसा, कधी तयार केला, कधी साठवला किंवा मिळाला, छापला कधी, मेल आयडी कुणाच्या मालकीचा आणि कुणाला उघडता येत होता, क्लाउडवर असेल तर ताबा कुणाचा, संगणक नीट चालत होता का. 'परचेस' नावाचा एक आयडी आणि पासवर्ड चौघांना माहीत, अशी सोय असेल तर या प्रश्नाला उत्तर काय देणार? आमच्याकडे होती तशी सोय. आता नाही.

तारखेतही एक खोच आहे. क्वालिटीच्या इन्स्पेक्टरला काही मेलवर सीसी होती, त्यातून नऊ मेल सापडले. तेवढ्यावरच आमची कैफियत उभी राहिली. त्यातला एक दुसरी पाळी सुटल्यावर, ३१ मेच्या मध्यरात्रीनंतर, म्हणजे १ जूनला, बारा चाळीसला पाठवलेला. हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबतच्या तांत्रिक नोंदीत, वेळ बऱ्याचदा जागतिक प्रमाणवेळेत असते, साडेपाच तास मागे, म्हणून छापल्यावर तारीख दिसली ३१ मे. करारात ट्रायलची मुदत ३१ मे होती. वकीलबाईंनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. कुठली वेळ कुठल्या घड्याळाची, हे प्रत्येक छापील पानावर लिहायची सवय तेव्हापासून.

आधी करून ठेवायची दोन कामं

नोकरी सोडणाऱ्याच्या 'नो ड्यूज' फॉर्मवर आयटीची सही असतेच. तिथे मी दोन चौकोन वाढवलेत: मेलबॉक्स अर्काइव्ह झाला, आणि हा माणूस कुठल्याही होल्डवर नाही. दोन्हीवर खूण नसेल तर लायसन्स सुटत नाही. नव्या माणसाला दोन दिवस मेल नसला तर काही बिघडत नाही, वर्षाच्या लायसन्सचे पैसे वाचवायला मी काय घालवलं ते सुरुवातीला सांगितलंच.

दुसरं, वर्षातून एकदा खोटी नोटीस. मालकांना सांगून ठेवून मी काकांच्या टेबलावर एक पाकीट ठेवते आणि घड्याळ लावते. पहिल्या वेळी फोटो यायला चार तास लागले आणि टेप लॉकरमध्ये जायला दोन दिवस, कारण लॉकरची किल्ली अकाउंट्सच्या साहेबांच्या खिशात आणि साहेब शिर्डीला. आता दुसरी किल्ली आहे. त्याच दिवशी एक जुनी टेप काढून तिच्यावरची एक फाइल उतरवून बघतो. वाचता न येणारी टेप सील करून ठेवण्यात काय अर्थ आहे?

होल्ड उठवणं

हे कुणी सांगत नाही. होल्ड लावायला सगळे धावतात, उठवायला कुणी नसतं, आणि तीन वर्षांनी लॉकरमध्ये लाल स्टिकरांचा ढीग साचतो, कशाचं काय ते कुणालाच माहीत नसतं. होल्ड उठवायचा तो वकिलाच्या लेखी पत्रावरच. 'मॅडम, ते मिटलं हो' असं मालकांनी जिन्यात सांगितलं, ते चालत नाही. मिटलं म्हणजे अपिलाची मुदत गेली का, तडजोडीचे हप्ते संपले का, त्याच माणसांचं दुसरं काही प्रकरण चालू आहे का. पत्र आलं की टेप परत चक्रात जाते किंवा तिची मुदत संपली असेल तर नष्ट होते, आणि वहीत त्याच पानावर ओळ मारून सही.

मशीनवाल्याशी आमची तडजोड झाली. मालकांनी तिसातले अठरा टक्के द्यायचे ठरले, ते सहा हप्त्यांत. नऊ मेलांऐवजी सगळे असते तर किती द्यावे लागले असते, हे मी वकीलबाईंना एकदा विचारलं. त्यांनी चहा ढवळला आणि विषय बदलला. शेवटचा हप्ता अजून जायचाय. मार्चची वार्षिक टेप लॉकरमध्ये आहे, आणि दर महिन्याच्या एक तारखेला पोरगा सील बघून वहीत सही करतो.